मुकं कुत्रं नको

४ जानेवारी

चि. बारक्या,

तू साठीला टेकलास तरी माझ्या लेखी चिरंजीवच, तेव्हा आशीर्वाद घे आणि ऐक.

आधी एक सांगते. फोन करत जाऊ नकोस, पत्र टाक. आमच्या फोनच्या तारेत काहीतरी बिघाड आहे, नुसती खरखर येते. आणि तू बोलतोस वर्कशॉपमधल्या सगळ्या मोटारींच्या आवाजावर चढून! पत्र बरं असतं. पुन्हा वाचता येतं.

काम असं आहे, की मला कुत्रं पाळायचंय. हसलास ना? मला माहीत होतं.

चिमणीनं तिच्या घरी माझ्यासाठी खोली तयार केलीय. भिंतींचा रंगसुद्धा मला विचारून लावला. दर रविवारी एकच धोशा, ‘आई, कधी येतेस?’ पोर गुणी आहे, जावईबापू भले आहेत, कुणाला नावं ठेवायला जागा नाही. पण तिथं जाऊन मी करू काय? माझी खिडकी इथं, माझा उजेड इथं, माझी गिऱ्हाइकं इथं. रफू म्हणजे काही स्वेटर विणणं नाही, की निघाली पिशवीत घालून. त्यात तुझे दादा गेल्यापासून या कामानंच मला ताठ ठेवलंय. ‘तू तिथं एकटी,’ असं ती म्हणाली तेव्हा मी पटकन बोलून गेले, ‘एकटी कुठली? मी कुत्रं आणतेय.’ आता शब्द तोंडातून गेला, कुत्रं आणणं भाग आहे. मार्चमध्ये ती येणार आहे. म्हणते भेटायला, पण मला वाटतं न्यायलाच.

तर लहानसं बघ. मांडीत मावेल, दोन मजले उचलून नेता येईल असं. तुझे चारी दिशांना कान असतात, तूच सांग कुठल्या जातीचं घ्यावं.

आणि दाराची घंटा बिघडलीय वाटतं. परवा बँकेचे मॅनेजर कोट घेऊन आले आणि वाजवून वाजवून परत गेले. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटल्यावर विचारतात, ‘बाई, गावाला गेला होतात का?’ मी आपली खिडकीत बसलेली!

तुझी,
वहिनी

—

११ जानेवारी

वहिनी,

पायांवर डोकं ठेवतो. पत्रातून ठेवायचं म्हणजे एक सोय, कंबर वाकवावी लागत नाही.

घंटेचं काम झालं समजा. आमचा फिटर तुमच्याकडेच सासुरवाडीला निघालाय. त्याच्याबरोबर मी स्वतः बनवलेली घंटा पाठवतोय. तो बसवून देईल. त्याला चहा द्या, पण जास्त बोलू देऊ नका, नाहीतर सासुरवाडीचा सगळा इतिहास ऐकवेल.

आता कुत्रं. तुमचं पत्र आल्यापासून मी ज्या घरात पंप नाहीतर पंखा बघायला जातो, तिथं आधी कुत्रं बघतो. लोकांना वाटतं म्हातारा भ्याला.

सगळ्यात आधी पग बघितला. चेहरा असा, की आत्ताच कुणीतरी त्याचा पाणउतारा करून गेलंय. स्वभाव मात्र लोण्यासारखा. पण मी खाली बसून त्याच्या श्वासाला कान लावला, तर बेअरिंग गेलेला टेबलफॅन! नाक बसकं, त्यामुळे बिचाऱ्याला उन्हाळा सोसत नाही. नाकावरच्या घड्या रोज पुसाव्या लागतात ते वेगळंच. नको.

पॉमेरियन दिसायला कापसाचा बोळा, पण त्यांच्या सोफ्यावरून उठलो तेव्हा माझी काळी पँट पांढरी झालेली. तुमच्या रफूत एक जरी केस गेला, तरी गिऱ्हाईक म्हणेल, बाईंनी भोक कुत्र्यानंच भरलं. तेही नको.

डॅशहुंड म्हणजे पाटाला चार आखूड पाय. हुशार आहे, पण जिन्यांनी त्याची पाठ जाते, आणि तुमच्याकडे जिनाच जिना.

माझं मत शिह त्झूला. केस फारसे गळत नाहीत, रोज विंचरले की झालं. आणि मुख्य म्हणजे शांत. मी दार आपटून बघितलं, तर पठ्ठ्यानं एक डोळा उघडला आणि मिटला. चोर आला तरी सरकून त्याला जागा देईल. तुम्हाला कामाला शांतता लागते, म्हणून हाच. बोला, घेऊ?

एक विचारू का? फोन नको म्हणालात ते जरा लागलं. मागच्या वेळी मी तुम्हाला नव्या लेथची गोष्ट सांगत होतो, आणि तुम्ही प्रत्येक वाक्याला ‘बरं बरं’ म्हणत होतात. हात कापता कापता वाचला म्हटलं, तरी ‘बरं बरं’. माझं काही चुकलंय का?

तुमचा,
बारक्या

—

१९ जानेवारी

चि. बारक्या,

तुझं काही चुकलेलं नाही. हात नीट आहे ना? सांभाळून काम करत जा, आता तू काही तिथला झाडूवाला पोऱ्या नाहीस, मालक आहेस. मालकानं खुर्चीत बसावं.

घंटा बसवली. तुझ्या फिटरनं दोन कप चहा घेतला आणि सासऱ्यांच्या मुतखड्यापर्यंत सगळं सांगून झालं. घंटा छान आहे. आवाज अगदी मंजुळ. खालच्या मजल्यावरचे प्राध्यापक मात्र लगेच वर आले. म्हणाले, ‘बाई, आमच्या कपाटातले कप हलतात.’ हा माणूस तसाही किरकिराच आहे. पण शेजार मोडायला नको, म्हणून आतली तार सोडवून टाकली. लोक आपले दार वाजवतील.

कुत्र्याचं मात्र तुझं गणित चुकलं. मला मुकं कुत्रं नको. शांत, झोपाळू, दार आपटल्यावर डोळा मिटणारं अजिबात नको. तसा स्वभाव तुझ्या दादांचा होता, तेवढा एका जन्माला पुरे.

भुंकलं नाही तरी चालेल, भुंकण्यानं काही होत नाही. पण कुणी आलं, काही वाजलं, की उठून माझ्यापर्यंत यावं. हात लावावा, पदर ओढावा, काहीतरी करावं. असं एखादं असतं का रे? नाहीतर उगाच एक तोंड खायला घालायचं आणि दोघांनी मिळून भिंतीकडे बघत बसायचं.

केस गळायचं तू बरोबर ओळखलंस. गळणारं नकोच.

वहिनी

—

२८ जानेवारी

वहिनी,

नमस्कार.

तुम्हाला एक सांगतो. मोटर कुठं दुखतेय हे कळायला आम्ही स्क्रू ड्रायव्हरचं टोक तिच्या अंगाला लावतो आणि मूठ कानाला. बाहेरून सगळं ठीक चाललेलं असतं, आत मात्र बारीक कण खरडत असतो, तो बरोबर ऐकू येतो. माझं सगळं नशीब त्या स्क्रू ड्रायव्हरवर उभं आहे.

तुमचं पत्र मी तसंच कानाला लावलं.

ती घंटा मी पाठवायच्या आधी इथं वाजवून बघितली होती. चार मोटारी चालू असताना. आमच्या वाइंडिंगवाल्याच्या हातातून पक्कड खाली पडली आणि त्यानं मला तोंडावर शिवी दिली. तिला तुम्ही मंजुळ म्हणालात.

मी काही विचारत नाही. तुम्ही काही सांगू नका. फक्त मी आता कुत्रं बघायची पद्धत बदललीय. पूर्वी कुत्र्याकडे बघायचो, आता हातातला पाना मुद्दाम मागच्या मागे टाकतो आणि कुत्रं कुणाकडे जातं ते बघतो. बहुतेक पान्याकडे जातात. काही पलंगाखाली जातात. एक माझ्या पायावर मुतलं.

आणि एक सापडलं! एका वकिलांकडे पंप बघायला गेलो होतो. वकीलीणबाई तोंड भरून तक्रार करत होत्या. ‘ही पीडा मला घटकाभर टेकू देत नाही हो. फोन वाजला, आली पाय मारत. कुकरची शिट्टी झाली, आली. शेजाऱ्यांचं दार वाजलं तरी माझ्याच अंगावर! मला काय ऐकू येत नाही का?’ मी पाना टाकला. ती कुत्री आधी पान्यापाशी गेली, मग धावत बाईंपाशी, आणि दोन्ही पंजे त्यांच्या गुडघ्यावर. बाई म्हणाल्या, ‘बघा! बघा!’ मी म्हटलं, बघितलं. असं कुत्रं कुठं मिळेल, विचारतेय माझी वहिनी. त्या म्हणाल्या, हेच न्या.

टॉय पूडल जातीची मादी आहे. गडद तपकिरी, दोन वर्षं उलटून गेलेली, म्हणजे चावाचावी आणि शू-शीचे दिवस सरलेले. केस गळत नाहीत, वाढतात. स्वभाव आगाऊ. आणू का?

बारक्या

—

२ फेब्रुवारी

बारक्या,

पत्र कानाला लावतोस होय? फार शहाणा झालास.

दोन दिवस तुझा राग आला म्हणून लिहिलं नाही. मग आणखी एक गिऱ्हाईक दार वाजवून परत गेल्याचं कळलं आणि राग उतरला.

उजवा कान गेलाच आहे. डावाही त्याच वाटेला लागलाय. समोर बसून कुणी बोललं की ओठांवरून कळतं, पाठीमागून बोललं की संपलं. कामाला कान लागत नाहीत, डोळे लागतात, आणि डोळे अजून ठणठणीत आहेत. कोटाला कसरीनं भोक पाडलेलं असलं, तर आतल्या दुमडीतला त्याच कापडाचा धागा काढून असं भरते, की मालकालाच जागा सापडत नाही. पण हे चिमणीला कळलं तर? ती एक शब्द वाईट बोलणार नाही. हसतमुखानं बॅग भरेल, दाराला कुलूप घालेल आणि मला त्या रंगवलेल्या खोलीत नेऊन बसवेल. तिथं मी पाहुणी होईन, बारक्या. रोज सकाळी कुणीतरी मोठ्यानं विचारेल, ‘आई, झोप झाली का?’

तू तिला सांगणार नाहीस. तुला माझी शपथ.

आणि पूडल म्हणजे ते सर्कशीतलं ना? शेपटीला गोंडा, ढुंगण उघडं आणि पायांत लोकरीच्या बांगड्या? माझ्या वयाला ते शोभेल का?

वहिनी

—

१० फेब्रुवारी

वहिनी,

गोंडा आणि बांगड्या हे न्हाव्याचं पाप, कुत्रीचा त्यात दोष नाही. न कापलेलं पूडल म्हणजे लोकरीचा गुंडाच. तुमच्याकडे कात्री आहे, हात आहे, हवं तसं बेता.

फिटर पुन्हा सासुरवाडीला चाललाय. (हल्ली फार जातो, कामाला सांगितलं की मात्र पाय दुखतात.) त्याच्याबरोबर तिला पाठवतो. आठवडाभर वर्कशॉपमध्ये ठेवून घेतली होती. एवढ्या गोंगाटात फोनची घंटा तिला बरोबर सापडते. माझा वाइंडिंगवाला म्हणतो, मालक, हिला ठेवा, मला काढा.

इथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासली. त्यांनी सांगितलेलं माझ्या भाषेत लिहितो. केस रोज मुळापासून विंचरायचे. वरवर फणी फिरवली की आत गाठी होतात आणि कातडी दुखते, हे तुम्हाला मी काय सांगावं. कान लोंबते आहेत, आतून कोरडे ठेवायचे. दात घासायचे, हो, घासायचे. लहान जातीचे दात लवकर जातात. उंचावरून उडी मारू द्यायची नाही, गुडघ्याची वाटी सरकते. खिडकीशेजारच्या खुर्चीला एक पायरी करून घ्या. खाणं थोडं थोडं द्या. आणि मांडीत बसते म्हणून फिरवायचं टाळू नका, सकाळ-संध्याकाळ चालवा, नाहीतर तिचं डोकं चालायला लागतं आणि मग तुमची दोऱ्याची रिळं तिची.

आणि मुख्य गोष्ट. तिनं पाय मारला की लगेच उठायचं, विचारायचं, ‘कुठं?’ आणि ती नेईल तिथं जायचं. बरोबर निघालं, की खाऊ. हातात काम आहे, टाका अर्धा आहे, असं म्हणून बसून राहिलात तर ती एकदा बघेल, दोनदा बघेल, मग मनात म्हणेल, म्हातारीला गरज नाही. वकीलीणबाईंनी तिला रागे भरूनही तिनं सोडलं नाही, तुम्ही नुसतं ‘शाबास’ म्हणालात तर काय करेल बघा.

चिमणीला मी सांगणार नाही. शपथ घातलीत, बसलो तोंड शिवून. पण कुत्रीला मी काही शपथ घातलेली नाही.

बारक्या

—

६ मार्च

चि. बारक्या,

अनेक आशीर्वाद. त्यातले अर्धे तिला देते.

नाव गुंडी ठेवलं. डोळे अगदी कोटाच्या गुंड्यांसारखे आहेत. पहिले दोन दिवस दारापाशी बसून रडली. मला ऐकू येत नव्हतं, पण हनुवटी वर करून बसलेली दिसत होती. तिसऱ्या दिवशी माझ्या सुताच्या टोपलीत जाऊन झोपली. टोपली गेली, कुत्री मिळाली.

केस मीच कापले. सर्कस नाही, बांगड्या नाहीत, सगळीकडे सारखे, शाळेत जाणाऱ्या मुलीसारखे. प्राध्यापकांनी जिन्यात थांबून चौकशी केली. त्यांच्या बायकोला पण असंच हवंय म्हणे. म्हणजे कुत्रं.

मॅनेजरसाहेबांचा कोट आला. ते बोटानं दार वाजवतात, फार सभ्य माणूस. गुंडी आली, गुडघ्यावर दोन पाय. मी विचारलं, ‘कुठं?’ ती पुढं, मी मागं. दार उघडलं तर साहेब परत वळत होते. म्हणाले, ‘बाई, आज लगेच उघडलंत!’ मी म्हटलं, मी नेहमी लगेचच उघडते.

काल कुकरसाठी उठवलं. त्याआधी शेजारणीच्या कुकरसाठीही उठवलं होतं. ते चालायचंच.

बारक्या, फार दिवसांनी मी दाराकडे पाठ करून बसते. याचं सुख तुला कळायचं नाही. वर्षभर मी खुर्ची तिरकी ठेवून एक डोळा दारावर ठेवत होते, आणि उजेड चुकीच्या खांद्यावरून यायचा.

आता पेच ऐक. चिमणी पुढच्या आठवड्यात येतेय. गुंडी मोकळी ठेवली तर तासाभरात चिमणीला सगळं समजेल. कोंडून ठेवली तर मी आपली आंधळ्या कोशिंबिरीत. मी ठरवलंय, ती असेपर्यंत गुंडीला आतल्या खोलीत ठेवायचं आणि मी दारासमोर तिरकं बसायचं. चार दिवस निभावेल.

वहिनी

—

१० मार्च

वहिनी,

कोंडू नका.

बारक्या

—

२२ मार्च

प्रिय काका,

आईची पत्रं तुम्हाला येतात, माझ्या वाट्याला फोनवरचं ‘बरं बरं’ येतं. म्हणून म्हटलं, मीही एक पत्र लिहून बघावं.

तुमचं ‘कोंडू नका’ मी टेबलावर बघितलं, पण आईनं कोंडलं होतंच. मला म्हणाली, ‘तुला कुत्र्यांची सवय नाही.’ आणि स्वतः दारासमोर अशी तिरकी बसली होती, जशी काही फोटो काढून घेतेय. सुई हातात, पण लक्ष सगळं माझ्या ओठांवर. मी पाणी प्यायला उठले तरी मान माझ्यामागे फिरायची.

दुसऱ्या दिवशी कुकर लावून ती कामाला बसली. कुकरनं शिट्ट्या मारायला सुरुवात केली. मी पेपर वाचत होते. मुद्दाम उठले नाही. आतल्या खोलीच्या दारावर नखांचा आवाज सुरू झाला, आधी हळू, मग असा की दार फाडेल. आईची सुई चाललेलीच. शेवटी मलाच ते सहन होईना. जाऊन कडी काढली. गुंडी माझ्या पायांतून सटकली, आईच्या गुडघ्यावर पंजे ठेवले आणि तोंडाकडे बघत राहिली. आई सवयीनं बोलून गेली, ‘कुठं?’ गॅस बंद करून वळली तर मी दारात.

तिनं आधी गुंडीला खाऊ दिला. मग म्हणाली, ‘कधी कळलं तुला?’

काका, मला कळून दोन वर्षं झाली. एका रविवारी मी फोनवर सांगितलं, की मला दवाखान्यात ठेवलंय. आई म्हणाली, ‘छान, छान, मजा करा.’ त्यानंतर लगेच मी ती खोली रंगवायला घेतली. तिला नसेल सांगायचं म्हणून मीही गप्प राहिले. दोघी एकमेकींपासून एकच गोष्ट लपवत होतो. मी तिथं बसून रोज एकच चित्र बघायचे, की दाराबाहेर कुणीतरी हाका मारतंय आणि आत आईला पत्ता नाही.

मग ती रडली नाही, भांडली. ‘मला न्यायला आलीस ना? दुसरी बॅग रिकामी आणलीयस, मी बघितलंय!’ खरंच रिकामी होती. मी कबूल केलं. गुंडी दोघींच्या मध्ये उभी राहून एकदा हिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. तिला काही वाजत नव्हतं, पण काहीतरी चाललंय एवढं कळत होतं.

दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. उजव्याचं काही होणार नाही, डाव्याला यंत्र बसवलं. गिऱ्हाईक आलं की आई ते लावते, गेलं की काढते. म्हणते, शांततेत टाका चांगला पडतो. झोपताना तर ते डबीतच असतं, म्हणजे पुन्हा सगळी मदार गुंडीवर. उरलेले दिवस मी नुसती बघत राहिले. दोघींचं इतकं नेमकं चाललंय, की मध्ये मीच अडखळत होते.

तरी माझं मन काही पूर्ण मानेना. निघायच्या दिवशी आईचा निरोप घेतला, खाली येऊन बॅगा गाडीत ठेवल्या, आणि ड्रायव्हरला ‘आलेच’ म्हणून पुन्हा वर गेले. आईनं यंत्र काढलेलं असणार, माझी पाठ वळली की ती काढतेच. मी दारावर एका बोटाचं पेर हलकेच टेकवलं. इतकं हलकं, की माझी मलाच लबाडी वाटली.

आत फरशीवर नखं टकटकली. दारापर्यंत आली आणि परत लांब गेली. मला वाटलं, संपलं. मग तीच नखं परत आली, आणि त्यांच्या मागून आईच्या चपला.

दार उघडलं. चष्मा कपाळावर, सुई पदराला टोचलेली.

‘काय विसरलीस?’

‘काही नाही.’

‘मग उभी काय राहिलीस? खाली गाडी खोळंबलीय.’

गुंडीला खाऊ हवा होता, तिनं आईचा पदर ओढला. आईनं माझ्या गालावर हात ठेवला आणि दार लावून घेतलं. आतून कडी सरकल्याचं ऐकलं, तशी मी खाली उतरले आणि ती रिकामी बॅग तशीच घेऊन परत निघाले.

तुमची,
चिमणी